जास्वंदीची पाने पिवळी पडली, म्हणजे झाडाला रोगच झाला का?

श्रावण संपत आला की चोपड्यातल्या अनेक अंगणांत सगळ्यांचे लक्ष जास्वंदीकडे जाते. गणपतीला लाल फूल लागते आणि ते घरचेच असावे अशी इच्छा असते. नेमके त्याच दिवसांत काही झाडांच्या शेंड्याची पाने पिवळट दिसू लागतात. चोपडा हा केळी आणि कापसाचा तालुका. केळीवरचा ‘हरण्या’ इथल्या शेतकऱ्यांनी पाहिलेला आहे. त्यामुळे पिवळे पान म्हणजे रोग आणि रोग म्हणजे झाड उपटणे, असा हिशेब इथे चटकन मांडला जातो. कुणी बुरशीनाशक आणतो, कुणी मुळाशी राख टाकतो, तर कुणी दहा वर्षांचे झाड काढून टाकतो.

अंगणातल्या झुडपाची पाने पिवळी पडण्यामागे बहुतेक वेळा रोग नसतो. माती, पाणी, ऊन किंवा पानाचे वय ही कारणे जास्त वेळा सापडतात. पण काही वेळा तो खरोखर विषाणू असतो आणि तेव्हा दुर्लक्ष केले तर शेजारच्या झाडांनाही त्रास होतो. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, त्याची ही माहिती.

थोडक्यात

- खालची जुनी पाने पिवळी पडत असतील, तर अन्नद्रव्य किंवा पाण्याचा प्रश्न असतो, नाहीतर पानाचे वय झालेले असते.
- शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता सर्वाधिक.
- पिवळे-हिरवे ठिगळ, पिवळ्या शिरा, वेडीवाकडी पाने असतील, तर विषाणूचा संशय घ्यावा.
- पानाच्या मागे किडी, चिकटपणा किंवा जाळी दिसली, तर ती कीड आहे.
- कारण कळेपर्यंत औषध फवारू नये आणि त्या झाडाची फांदी कुणाला देऊ नये.

पान पिवळे होते, म्हणजे नेमके काय होते?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. पानात पिवळी रंगद्रव्येही आधीपासून असतात, पण हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात. हरितद्रव्य कमी झाले की पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पिवळेपणा हा स्वतः रोग नाही. तो तापासारखा आहे. ताप साध्या सर्दीने येतो तसाच मलेरियानेही येतो. म्हणून फक्त रंग पाहून औषध ठरवता येत नाही.

भाषेतही हा गोंधळ आहे. पीक पिवळे पडले की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. पण भेंडीवरचा केवडा विषाणूमुळे होतो आणि तो पांढरी माशी पसरवते. बाजरीवरचा केवडा, ज्याला गोसावीही म्हणतात, तो बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. नाव एकच असले तरी एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिला प्रश्न: पिवळेपणा कुठून सुरू झाला?

झाड पाहताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. त्याचे कारण झाडाच्या आतल्या वाहतुकीत आहे. नत्र, मॅग्नेशियम आणि पालाश ही अन्नद्रव्ये झाडात इकडून तिकडे हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. त्यामुळे आधी खालची पाने पिवळी पडतात. लोह मात्र एकदा पानात गेले की जवळपास तिथेच राहते. मुळांकडून नवा पुरवठा थांबला की त्याची झळ कोवळ्या पानांना बसते.

खालची पाने पिवळी असतील तर:

- अधूनमधून एखाद-दुसरे पान पिवळे होऊन गळत असेल आणि शेंडा हिरवागार असेल, तर ते पानाचे म्हातारपण आहे. काहीही करायची गरज नाही.
- खालची बरीच पाने एकसारखी फिकट पिवळी आणि वाढ खुंटलेली असेल, तर नत्र कमी आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या हलक्या, मुरमाड जमिनीत आणि वर्षानुवर्षे माती न बदललेल्या कुंड्यांत हे जास्त दिसते. पावसाच्या पाण्याबरोबर नत्र वाहून जाते. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत दिले की फरक पडतो.
- जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि शिरांलगतचा भाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियम कमी असू शकते. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी असते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून पानांवर फवारले तर उपयोग होतो.

शेंड्याची पाने पिवळी असतील तर पुढचा भाग नीट वाचावा. काळ्या मातीतल्या जास्वंदीच्या बाबतीत हीच तक्रार वारंवार दिसते.

जमिनीत लोह असून झाड उपाशी का राहते?

तापीकाठची माती काळी, चिकण आणि कसदार आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत लोहाची कमतरता नसते. अडचण वेगळीच आहे. या मातीत चुनखडी असते, खणताना तिचे पांढरे खडे हाताला लागतात. चुनखडीमुळे मातीचा सामू ७ च्या वर, अनेकदा ८ च्या आसपास राहतो. सामू ७ म्हणजे माती आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही, त्यावर गेला की ती अल्कधर्मी होते.

अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. सामू १ ने वाढला की विरघळलेल्या फेरिक लोहाचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. धान्याने भरलेल्या कोठाराला कुलूप लागावे तशी ही अवस्था असते. जास्वंदीची मुळे आम्ल सोडून हे कुलूप उघडायचा प्रयत्न करतात, पण चुना ते आम्ल लगेच निष्प्रभ करतो.

लोह हरितद्रव्याचा घटक नाही, पण हरितद्रव्य तयार व्हायला ते लागतेच. ते मिळाले नाही तर नवे पान पिवळे निघते आणि शिरांचे बारीक जाळे तेवढे हिरवे राहते. कमतरता वाढली की पान पांढुरके होते आणि कडेने करपते.

भाद्रपदात हे जास्त का दिसते? पावसाने चिकण माती भिजून राहते. तिच्यातली हवा निघून जाते, मुळे श्वसनातून सोडत असलेला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि चुन्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट वाढते. त्यामुळे लोह घेणे आणखी अवघड होते. म्हणून पावसाळ्यात पिवळी पडलेली झाडे माती वाफशावर आली की बऱ्याचदा आपोआप हिरवी होतात. गणपतीच्या तोंडावर उपटलेले एखादे झाड दसऱ्यापर्यंत सावरलेही असते.

घरगुती उपायांनी कधी कधी अडचण वाढते. चुलीची राख अल्कधर्मी असते, ती टाकली की सामू आणखी वर जातो. अंड्याची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनाच. नव्या बांधकामाचा किंवा पाडलेल्या भिंतीचा भराव असलेल्या जागी, कुंपणाच्या भिंतीलगत लावलेली जास्वंद याच कारणाने पिवळी पडते.

पाणी: जास्त, कमी आणि खारे

जास्त पाणी आणि कमी पाणी या दोन्हींनी पाने पिवळी पडतात, पण झाड वेगळे दिसते.

पाणी जास्त झाले तर माती ओली असूनही पाने मलूल होतात. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. मलूल झाड पाहून आणखी पाणी घातले जाते आणि नुकसान पूर्ण होते. कुंडीच्या तळाचे भोक बुजलेले असणे हे यामागचे नेहमीचे कारण आहे.

पाणी कमी पडले तर आधी खालची पाने पिवळी होऊन गळतात, कळ्या उमलण्याआधी पडतात आणि पानांच्या कडा वाळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा जास्वंद काही पाने स्वतःहून टाकून देते, कारण तेवढ्या पानांना पुरेल एवढे पाणी मुळे चढवू शकत नाहीत. या काळात सकाळी लवकर पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि दुपारी थोडी सावली एवढे पुरते.

तिसरा प्रकार क्षारांचा. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट आणि इतर क्षार असतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर जमलेला दिसला, तर पाण्याकडे संशयाने पाहावे. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत झाडांना घालतात. हेतू चांगला असला तरी मूळ पाण्यातले क्षार त्यात अधिक दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरणे बरे. कुंड्यांना शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी द्यावे.

पान उलटे करून पाहावे

जास्वंद, कापूस आणि भेंडी ही एकाच कुळातली झाडे आहेत. त्यामुळे कापसाच्या शेतातले बरेच पाहुणे अंगणातल्या जास्वंदीवरही उतरतात.

- तुडतुडे: फिकट हिरवे, पानामागे तिरके चालणारे. पानाच्या कडा पिवळ्या होतात, पान खाली वळते आणि पुढे कडा तांबूस होऊन करपते. भारतात कापूस-भेंडीवर नेहमी दिसणारी तुडतुड्यांची जात अलीकडे अमेरिकेच्या फ्लोरिडातही पोहोचली आहे आणि तिथल्या शोभेच्या जास्वंदीवर आढळते.
- लाल कोळी: पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके आणि पानामागे तलम जाळी. कोरड्या, उष्ण हवेत हे वाढतात.
- पिठ्या ढेकूण: शेंड्यावर आणि कळ्यांच्या देठाशी कापसासारखा पांढरा थर, चिकट स्राव, मुंग्यांची रांग आणि नंतर पानांवर काळी काजळी.
- मावा आणि पांढरी माशी: रस शोषतात, पाने चिकट करतात आणि विषाणूही वाहून नेतात.

घरच्या एक-दोन झाडांसाठी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूने मारणे, पिठ्या ढेकणाने भरलेला शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकणे आणि ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने फवारणे हे पहिले उपाय. शेतातले उरलेले कीटकनाशक अंगणात वापरू नये. तिथे मुले खेळतात, फुले देवाला आणि केसांत जातात, शेजारच्या कढीपत्त्याची पाने तर थेट फोडणीत पडतात.

मग खरा रोग कसा ओळखायचा?

अन्नद्रव्याची कमतरता शिस्तीत दिसते. पानाच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या दिसतात आणि एकाच वयाची पाने सारखी पिवळी होतात. रोग बहुधा असा नियम पाळत नाही. खालील खुणा दिसल्या तर रोगाचा संशय घ्यावा.

- पानावर गडद हिरवे, फिकट हिरवे आणि पिवळे असे अनियमित ठिगळ, किंवा पिवळी वलये.
- शिराच पिवळ्या आणि त्यांमधला भाग हिरवा. लोहाच्या कमतरतेत याच्या अगदी उलट दिसते.
- पाने लहान, जाड, चुरगळलेली किंवा वाटीसारखी वळलेली.
- बाकी झाड ठीक असताना एकच फांदी पिवळी पडून वाळणे.
- पिवळ्या कडेचे तपकिरी किंवा काळे डाग, जे दिवसेंदिवस मोठे होतात. हे बुरशीचे किंवा जिवाणूचे असतात.
- मुळांवर गाठी. हे सूत्रकृमींचे काम असते.

डाग असलेली पाने खुडून टाकली, झाडाला हवा खेळती ठेवली आणि पानांवर पाणी ओतणे थांबवले तर डागांचे रोग बऱ्याचदा आटोक्यात येतात. विषाणूचे तसे नाही. विषाणू झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारे औषध नाही. बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक यांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही.

केळीचा हरण्या हे याचे चोपड्याला जवळचे उदाहरण. तो ककुंबर मोझॅक नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींत राहू शकतो आणि मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. म्हणूनच केळीच्या बागेत रोगट झाड उपटून नष्ट करायला सांगितले जाते. तिथे एक झाड वाचवण्याच्या नादात पूर्ण बाग जाऊ शकते.

जास्वंदीवरही विषाणू येतात. त्यांतला जगभर आढळणारा एक पानांवर पिवळी वलये आणि ठिपके उठवतो आणि तो मुख्यतः रोगट फांदीतून, तसेच छाटणीच्या कात्रीतून पसरतो. आपल्याकडे जास्वंद बियांनी नव्हे, तर फांदीनेच वाढवली जाते. एका घरची फांदी गल्लीतल्या पाच घरी जाते. फांदीत विषाणू असेल तर तोही पाचही घरी जातो. संशयित झाडाची फांदी न देणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

एक अपवादही ध्यानात ठेवावा. काही जातींची पाने मुळातच पांढरी-हिरवी किंवा पिवळसर चट्ट्यांची असतात. झाड आणले तेव्हापासून पाने तशीच असतील आणि वाढ चांगली असेल, तर तो त्या जातीचा रंग आहे.

घरी करता येतील अशा पाच चाचण्या

१. बोटाची चाचणी: बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे. चिखल लागला तर पाणी थांबवावे, माती कोरडी असेल तरच द्यावे.

२. व्हिनेगरची चाचणी: सुकलेल्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे फसफसले तर मातीत चुना आहे.

३. कागदाची चाचणी: पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. बारीक ठिपके चालू लागले तर ते कोळी किंवा किडी आहेत.

४. मुळांची चाचणी: कुंडीतले झाड अलगद बाहेर काढून पाहावे. पांढरट, टणक मुळे निरोगी. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारी मुळे कुजलेली.

५. हिराकसची चाचणी: लोहाचा संशय असेल तर ही निर्णायक ठरते. १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि चिमूटभर लिंबूसत्त्व मिसळावे. संध्याकाळी या ताज्या द्रावणात कापूस बुडवून फक्त दोन-तीन कोवळ्या पिवळ्या पानांना लावावे आणि त्या फांदीला दोरा बांधावा. आठ-दहा दिवसांत तेवढीच पाने किंवा त्यांच्यावरचे ठिपके हिरवे झाले, तर लोहच कमी होते. काहीच फरक नसेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

या चाचणीमागे जुना इतिहास आहे. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात युसेब ग्री या संशोधकाने लोहाचे क्षार देऊन पिवळी पडलेली पाने पुन्हा हिरवी होतात हे दाखवले. त्यानंतर पिवळेपणामागे अन्नद्रव्याची कमतरताही असू शकते, ही गोष्ट मान्य होत गेली.

लोहच कमी असेल तर काय करावे?

- वरील द्रावण संध्याकाळी सर्व पानांवर, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारावे. प्रमाण वाढवू नये, पाने करपतात. फरशीवर थेंब पडले तर तांबूस डाग राहतात.
- चुनखडीच्या मातीत नुसते हिराकस टाकले तर तेही लवकरच अडकून पडते. द्यायचेच असेल तर कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे.
- दुकानात ‘चिलेटेड’ लोह मिळते. त्यातले ईडीटीए रूप सामू ७ च्या वर फारसे टिकत नाही, म्हणून ते फवारणीला ठीक. मातीतून द्यायचे तर ईडीडीएचए रूप चुनखडीच्या जमिनीत चांगले चालते.
- नवी जास्वंद लावताना भराव आणि चुनखडीचे खडे काढून खड्ड्यात शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर घालावे. कुंडी असेल तर माती बदलणे हाच सोपा मार्ग.

जुने पिवळे पान पूर्ण हिरवे झाले नाही म्हणून उपाय फसला असे समजू नये. पुढची पालवी कशी येते ते पाहावे.

विषाणूचा संशय असेल तर?

कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी. कात्री वापरल्यावर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावी. पांढरी माशी आणि मावा आटोक्यात ठेवावा. दोन-तीन नव्या पालव्या पाहाव्यात. प्रत्येक पालवी तशीच वेडीवाकडी आणि ठिगळांची येत असेल आणि जवळच भेंडी, मिरची किंवा केळी असेल, तर झाड काढून टाकणे शहाणपणाचे.

कुणाला विचारावे?

चोपड्यात तालुका कृषी अधिकारी कार्यालय आहे. जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या पाल इथे कृषी विज्ञान केंद्र आणि जळगावला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. माती तपासणी जळगावच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत होते. नमुना देताना सामू, विद्युत वाहकता आणि मुक्त चुना या तीन गोष्टींची तपासणी मागावी.

फोटो पाठवून सल्ला घ्यायचा असेल तर एका पिवळ्या पानाचा फोटो पुरत नाही. पूर्ण झाड, शेंड्याचे पान, खालचे पान, पानाची मागची बाजू आणि बुंध्याजवळची माती असे पाच फोटो काढावेत. पाणी कुठले आणि किती, पिवळेपणा कधीपासून, मागच्या महिन्यात मुळाशी काय टाकले, हेही सांगावे. एवढी माहिती गोळा करतानाच अनेकदा कारण सापडते.

पिवळ्या पानांची जास्वंद एका दिवसात मरत नाही. दहा दिवस थांबून चाचणी करायला वेळ असतो. तेवढ्या दिवसांत फांदी मात्र कुणाला देऊ नये.